भिंतीआधी पाण्याचं बघा

वाचकाचं पत्र

आमचं घर रत्नागिरी शहराला लागून असलेल्या एका वाडीत, रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना आमच्या बाजूचा डोंगर उभा कापला. आता अंगणाच्या कडेपासून खाली रस्त्यापर्यंत अठरा फूट सरळ काप आहे आणि घर कडेपासून पंचवीस फुटांवर. पहिले दोन पावसाळे किरकोळ माती येत राहिली. यंदा जुलैत एका रात्री ट्रॉलीभर माती आणि जांभ्याचे दोन मोठे धोंडे रस्त्यावर आले. अंगणात कडेपासून पाच फुटांवर बोट जाईल एवढी लांबलचक भेग पडली आहे. ठेकेदार म्हणतो, खालपासून वरपर्यंत चिऱ्याची नऊ इंची भिंत घालून सिमेंटचा गिलावा मारू, साडेचार लाख होतील. शेजारी म्हणतात, कडेवरचे दोन फणस तोडा, तेच डोंगर ओढतायत. सासूबाई म्हणतात, बांबू लावा. ग्रामपंचायतीत गेलो तर उत्तर मिळालं, जागा तुमची, तुम्ही बघा. खालून रोज शाळेची मुलं जातात. दरड आली तर कुणाच्या तरी लेकरावर येईल, या विचाराने झोप लागत नाही. काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार.

मुलांपासूनच सुरुवात करते, कारण ते काम आजच करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. कापाच्या बाजूने कुणी चालू नये, थांबू नये, गाडी लावू नये. पायथ्यापासून निदान आठ-दहा फूट सोडून दगड रचा, त्यावर चुन्याची रेघ मारा, दोरी बांधा. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि रिक्षावाल्यांना स्वतः जाऊन सांगा की मुलं पलीकडच्या कडेने न्यायची. पडलेली माती पायथ्याशी साठली असेल तर घाईने साफ करू नका. गटार मोकळं होईल एवढीच उचला. ती माती सध्या तुमच्या कापाला खालून थोडा टेका देते आहे.

आता तो काप आतून कसा आहे ते बघू, म्हणजे ठेकेदाराची भिंत मला का पसंत नाही ते कळेल. एखाद्या कोरड्या दिवशी, सकाळच्या उजेडात, पलीकडच्या बाजूला उभं राहून कापाकडे नीट बघा. वरचे सहा-आठ फूट लालसर, भोकाभोकांचा जांभा दिसेल. त्याच्या खाली रंग बदलतो. पिवळट, जांभळट, मध्येच पांढरे पट्टे असलेली मऊ माती लागते. हवा लागली की जांभा कडक होतो, म्हणून तो उभा कापला तरी वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडच्या जुन्या चिरेखाणी बघा, भिंतीसारख्या सरळ उभ्या आहेत. खालच्या मातीचं तसं नाही. कोरडी असते तेव्हा ती इतकी घट्ट लागते की टिकाव उडतो. भिजली की बोट खुपसता येतं आणि हाताला बुळबुळीत लागते. जांभ्याच्या भोकांतून पाणी सरळ खाली उतरतं आणि या मातीवर येऊन थांबतं, कारण तिच्यातून ते लवकर पुढे जात नाही. मग ते दोन थरांच्या सांध्यातून बाहेर येतं. पावसाळ्यात कापाच्या मधोमध एका रेषेत ओल दिसते, तिथे शेवाळं धरतं, नेचे उगवतात. ती तुमच्या कापाची खरी दुखरी जागा. तिथली मऊ माती थोडी थोडी वाहून जाते, वरचा जांभा आधाराविना पुढे लोंबतो आणि एक दिवस धोंड्यासकट येतो. जुलैत तुमच्याकडे हेच झालं असणार. आधी माती, मागून धोंडे.

उभ्या कापात आणि मूळच्या घाटीत, म्हणजे डोंगराच्या नैसर्गिक उतारात, फरक आहे. घाटीने शेकडो वर्षांच्या पावसात आपला ढाळ घेतलेला असतो. रस्ता रुंद करताना पायथा काढला, म्हणजे पोत्यांच्या थप्पीतलं खालचं पोतं ओढून घेतल्यासारखं झालं. वरची पोती लगेच पडत नाहीत, पण आता ती कशाच्या तरी भरवशावर उभी असतात. परशुराम घाटात मुंबई-गोवा महामार्गासाठी डोंगर कापला गेला आणि पुढे काम सुरक्षित करता यावं म्हणून २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये रोज काही तास वाहतूक बंद ठेवावी लागली होती. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या कापातून दरड रुळांवर आली, गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर रेल्वेने कापांचे उतार सौम्य केले, जाळ्या आणि भिंती घातल्या, गस्त वाढवली आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला. तरीही पावसाळ्यात आजही तिथे रात्री माणूस चालत जाऊन कापाकडे बघतो. तुमच्या वाडीतला काप त्या मानाने लहान आहे. नियम मात्र तेच लागू होतात, आणि त्यातला पहिला पाण्याचा आहे.

तुमच्या घराचा आकार तुम्ही लिहिला नाही, म्हणून हिशेबासाठी बाराशे चौरस फुटांचं दुपाखी छप्पर धरते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. असा दिवस आला की छपराच्या फक्त रस्त्याकडच्या पाखीवरून साधारण अकरा हजार लिटर पाणी अंगणात उतरतं. एक मोठा टँकर तुमच्या भेगेपाशी रिकामा केल्यासारखं. अंगणाचं आणि वरच्या डोंगराचं पाणी वेगळंच. म्हणून पहिला खर्च पन्हळींवर करा. रस्त्याकडच्या पाखीला पूर्ण लांबीची पन्हळ लावा आणि तिचं पाणी बंद पाइपातून घराच्या मागे किंवा बाजूला, कापापासून लांब न्या. या कामाला काही हजार रुपये लागतील. साडेचार लाखांच्या भिंतीपेक्षा याचा गुण आधी दिसेल.

मग शोषखड्डा बघा. शौचालयाचा किंवा न्हाणीचा शोषखड्डा घर आणि कड यांच्या मध्ये असेल तर तो वर्षाचे बारा महिने त्या मऊ मातीत पाणी सोडतो आहे. तो बंद करून घराच्या दुसऱ्या अंगाला नवा घ्या. कडेजवळच्या माडांची, केळींची आळी बुजवा आणि न्हाणीचं पाणी तिकडे सोडणं थांबवा. नळाची एखादी जुनी लाइन कडेने जात असेल तर ती गळत नाही ना बघा. रात्रभर सगळे नळ बंद ठेवून मीटरचा आकडा हलला का ते तपासलं तरी कळतं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो आणि शेतात ते अगदी खरं आहे. पण कापाच्या माथ्यावर पाणी जिरवणं घातक. विहिरीला पाणी यावं म्हणून अशा अंगणात पुनर्भरणाचा खड्डा घेतलेला मी पाहिला आहे. हेतू चांगला होता, जागा चुकली होती. तुमच्या पंचवीस फुटांत पाणी जिरवायचं नाही, वळवायचं.

वळवण्यासाठी घर आणि भेग यांच्या मध्ये एक चर काढा, कडेपासून जितका मागे जाईल तितका बरा. हा चर पक्का हवा, सिमेंटचा किंवा अर्ध्या पाइपाचा. मातीचा उघडा चर काढलात तर तो पाणी वाहून नेण्याऐवजी भेगेत पोचवेल, म्हणजे आगीत तेल. चराला एका बाजूला स्पष्ट ढाळ द्या आणि त्याचं पाणी कापाच्या टोकाला, जिथे उंची कमी आहे तिथून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवा. आपली पाखाडी असते तशा पायऱ्या, फक्त दोन्ही बाजूंना वीतभर कठडा. पायरीवर आपटून पाण्याचा जोर मोडतो आणि तळाला खड्डा पडत नाही. शेवट रस्त्याच्या गटारात. शेजाऱ्याच्या आवारात मुळीच नाही, नाहीतर दरड तुमच्याऐवजी त्यांच्याकडे येईल आणि भांडण कोर्टात जाईल.

भेगेबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, पण मला पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटते. भेग म्हणजे कडेचा तो पाच फुटांचा पट्टा मागच्या जमिनीपासून सुटायला लागला आहे. त्यावर कुणी उभं राहू नका, मुलांना खेळायला सोडू नका, लाकडं, चिरे, टाकी, गाडी काहीही ठेवू नका. भेग पडली त्या दिवशीच्या मानाने ती वाढते आहे की नाही हे डोळ्याने कळत नाही, मोजावं लागतं. भेगेच्या दोन्ही अंगांना हातभर लांबीच्या दोन लोखंडी सळ्या ठोका, वर चार बोटं राहतील अशा. दोन्हींच्या माथ्यावर करवतीने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर दर रविवारी टेपने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. एवढ्या लांब भेगेवर अशा तीन जोड्या तरी हव्यात. वाढ कुठे होते आहे आणि कुठे थांबली आहे हे त्या वहीतून कळेल, आणि पुढे इंजिनिअरला आणि तहसीलदाराला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. मोजणीच्या सळ्या लावल्यावर भेग चिकट मातीने ठासून भरा, धुमसाने दाबा आणि वरून मातीचा उंचवटा द्या म्हणजे पाणी आत न जाता बाजूला जाईल. सिमेंट ओतू नका. ते आक्रसून पुन्हा सुटतं आणि खाली चाललेली हालचाल झाकून टाकतं.

आता ठेकेदाराची भिंत. अठरा फूट उंच, नऊ इंच जाड आणि वरून गिलावा. ही घेऊ नका. भिंतीमागे पाणी तुंबलं तर त्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. सहा फूट पाणी तुंबलं तर धावत्या मीटरला सुमारे १.७ टन रेटा येतो. अठरा फूट तुंबलं तर सुमारे १५ टन. उंची तिप्पट झाली की रेटा नऊपट होतो. मातीचा भार त्यात धरलेलाच नाही. नऊ इंचांची भिंत एवढा रेटा पेलू शकत नाही, आणि गिलावा मारला की पाणी बाहेर यायची वाटच बंद होते. दोन-चार पावसाळे ती देखणी दिसेल. मग एका रात्री अख्खी एका तुकड्यात रस्त्यावर येईल. २०१९ च्या जून-जुलैत पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला अशाच भिंती वस्तीवर पडल्या. भिंत आहे म्हणून लोक तिच्या आडोशाला निर्धास्त राहतात, हे मला फार लागतं. उघडा काप बघून माणूस निदान दूर तरी चालतो.

आपल्याकडचे जुने गडगे आठवा. दगडावर दगड, ना चुना ना सिमेंट. फटींतून पाणी निघून जातं, म्हणून इतके पावसाळे उभे आहेत. ते छातीएवढे असतात, अठरा फुटांचे नसतात हेही खरं. तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे. पायथ्याला जड, रुंद आणि पाण्याला वाट देणारी बुटकी भिंत हवी. तुमच्यासारख्या ठिकाणी मी गॅबियन सुचवेन, म्हणजे तारेच्या पेट्यांत हाताने रचलेला दगड. उंची सहा फुटांच्या आसपास, तळाची रुंदी चार फुटांहून कमी नाही, आणि पाया गटाराच्या तळाच्या खाली निदान दोन फूट, घट्ट जमिनीवर. दगड काळा, जाळीच्या भोकापेक्षा मोठा. जांभ्याचे तुकडे भरू देऊ नका, ते झिजतात आणि पेटी बसते. तार जस्ताचा मुलामा दिलेली आणि वरून प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या, कारण समुद्राच्या हवेत साधी तार लवकर गंजते. पेट्या आणि काप यांच्या मधली जागा मातीने नव्हे, दगडाने भरायची आणि दोन्हींच्या मध्ये गाळणीचं जिओटेक्स्टाइल कापड घालायचं, नाहीतर बारीक माती दगडांत शिरून वाट बुजवते. गॅबियनऐवजी दगड-सिमेंटची भिंत ठरली तर पाणी निघायची भोकं दर दीड मीटरला, एकाआड एक ओळीत, तीन-चार इंच व्यासाची, बाहेरच्या बाजूला उतरती हवीत आणि मागे फूटभर जाडीचा खडीचा थर हवा. मिस्त्री भोकाला पाइप लावतात पण मागे खडी घालत नाहीत. ते काम चालू असताना समोर उभं राहून बघा. एकदा भिंत उठली की मागे काय आहे ते कुणाला दिसत नाही.

पाया खणण्याची रीत याहून महत्त्वाची. अख्खा पायथा एकदम जेसीबीने उघडा करू देऊ नका. एका वेळी दहा-बारा फूट लांबी खणायची, तेवढी भिंत उचलायची, मग मधला तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. वेळ जास्त लागतो आणि ठेकेदार कुरकुर करतो. करू दे. मजूर खाली असताना वर एक माणूस भेगेवर नजर ठेवून हवाच. हे काम जानेवारी ते एप्रिलमध्येच. मेच्या शेवटी पाया खणायला घेण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं.

एवढ्याने भागेल का? पायथ्याला भार दिला, पण माथ्याचा भार उतरवायचा राहिला. भेगेच्या पुढचा तो पट्टा आज ना उद्या येणारच आहे. तो आपल्या हाताने, वरून खाली, उन्हाळ्यात, पहारी-टिकावाने उतरवावा. जांभ्याचा लोंबणारा भाग आधी, मग कापाचा वरचा सात-आठ फुटांचा भाग मागे घेऊन मधे एक टप्पा काढायचा. टप्प्याला आतल्या बाजूला ढाळ आणि तिथे पक्का चर. असं केलं तर अंगणाचे भेगेसकट बारा-तेरा फूट जातील आणि घर नव्या कडेपासून जेमतेम तेवढ्यावरच राहील. हे वाचून वाईट वाटेल, मला कल्पना आहे. पण अठरा फुटांच्या सरळ कड्यापेक्षा टप्प्यांचा उतार घराला अधिक सुरक्षित ठेवतो. टप्पा किती मागे घ्यायचा हा निर्णय पत्रावरून होणार नाही. त्यासाठी मातीकाम जाणणारा, भूतंत्र अभियांत्रिकीचा अनुभव असलेला इंजिनिअर प्रत्यक्ष आणा. डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस १४४५८. तुमचा इंजिनिअर त्यानुसार हिशेब कागदावर देतो का ते विचारा. घर इतकं जवळ असल्याने टप्पा न काढता जमिनीत सळ्या ठोकून, वर जाळी घालून उतार बांधणं हा पर्यायही तो सुचवेल. ते महाग पडतं, पण अंगण वाचतं. सांध्यातून फार पाणी येत असेल तर आडवं बोअरही घेता येतं. कोकणात बागेसाठी डोंगरात आडवं बोअर मारतात तसंच, फक्त हेतू पाणी मिळवण्याऐवजी काप कोरडा ठेवण्याचा. पाणी मिळालं तर टाकीत घ्या, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

फणसांबद्दल शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कडेवरच्या मोठ्या झाडावर वारा बसतो आणि तो हेलकावा मुळांतून कडेला जातो. पण तीच मुळं जांभ्याच्या भेगांत शिरून धोंडे धरूनही ठेवतात. झाड तोडलं की मुळं लगेच मरत नाहीत, काही वर्षांत कुजतात, आणि मग धरही जातो आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्यांतून पाणी आत शिरतं. म्हणून आधी खोडाकडे बघा. खोड बुंध्याशी वाकडं होऊन वर पुन्हा सरळ झालं असेल तर जमीन बरीच वर्षं हळूहळू सरकते आहे आणि झाडाने स्वतःला सावरलं आहे. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळच असेल पण अख्खं कलतं झालं असेल तर हालचाल अलीकडची आहे, आणि भेगेच्या पुढे असलेलं असं झाड उतरवावंच लागेल. ते कापा, उपटू नका, बुंधा जागेवर राहू दे. झाडतोडीची परवानगी आधी घ्या. भेगेच्या मागे असलेल्या फणसाच्या फांद्या हलक्या केल्या तर पुरे.

सासूबाईंचा बांबूचा आग्रह मायेपोटी आहे, पण तो कडेवर नको. बांबूची मुळं दाट असतात, तरी बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात, आणि बेट वाढलं की फार जड होतं. सपाटीला, ओढ्याच्या काठी त्याची जागा आहे. तुमच्या टप्प्यांवर वाळा लावा. आपल्या माठातल्या पाण्याला वास देणारा तोच. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, आणि चांगल्या जमिनीत वर्ष-दीड वर्षात माणसाच्या उंचीहून खोल पोचतात. ठोंब वीतभरापेक्षा कमी अंतरावर, एका समपातळीच्या ओळीत लावायचे, दोन ओळींमध्ये उताराची उंची तीन फुटांच्या आसपास. ओळ दाट हवी. एक ठोंब मेला तर त्या फटीतून पाणी धार धरतं, म्हणून पहिल्या पावसाळ्यात मेलेले ठोंब लगेच बदला. वाळ्याला ऊन लागतं, फणसाच्या सावलीत तो रुजत नाही. तिथे निरगुडी, अडुळसा, करवंद चालतील. गिरिपुष्पाच्या किंवा पांगाऱ्याच्या हातभर खुंट्या जूनमध्ये तिरक्या ठोकल्या तरी फुटतात. नाजूक भागावर रोपं धरेपर्यंत काथ्याची जाळी अंथरा. मात्र हे सगळं हिरवं काम वरच्या दोन-चार फुटांतली धूप थांबवण्यासाठी. उभ्या अठरा फुटांच्या मऊ मातीला गवत थांबवू शकत नाही, ते काम ढाळाचं, पायथ्याच्या भिंतीचं आणि चराचं.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. ग्रामपंचायतीचं तोंडी उत्तर धरून बसू नका. आधी रस्त्याचा दर्जा शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, म्हणजे काप कुणाच्या हद्दीत येतो ते कागदावर येईल. माहिती अधिकारात रुंदीकरणाचं अंदाजपत्रक आणि मंजूर नकाशा मागा. त्यात संरक्षक भिंत धरली होती का, धरली असेल तर बांधली का नाही, आणि रस्त्याच्या ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष त्याने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला आहे का, हे तीन प्रश्न नेमके विचारा. कालावधी शिल्लक असेल तर दुरुस्ती त्याच्याकडून करून घेता येते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात कलम ७ खाली एक उदाहरणच दिलं आहे. नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो आधार मिळतो, तो मिळत राहण्याचा हक्क प्रत्येक मालकाला आहे. शेजारची जमीन खणून तो आधार काढता येत नाही. हा हक्क मूळ जमिनीपुरता आहे, तिच्यावर घराचा भार आला की वाद वाढू शकतो, म्हणून नोटीस देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या. पण एवढं लक्षात ठेवा, ‘जागा तुमची, तुम्ही बघा’ हे पूर्ण उत्तर नाही.

तिसरा अर्ज तहसीलदारांना, आपत्ती व्यवस्थापनाच्या विषयाखाली, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्जात भावना कमी, आकडे जास्त. उंची, भेगेची लांबी-रुंदी, सळ्यांच्या नोंदी, जुलैतल्या घटनेची तारीख, फोटो, खालून किती मुलं जातात. अर्जावर एकट्या तुमची सही नको. वाडीतल्या, खालच्या घरांतल्या, शाळेच्या पालकांच्या सह्या घ्या. जागेची भूवैज्ञानिक पाहणी व्हावी अशी स्पष्ट मागणी करा. माळीण, तळीये, इर्शाळवाडी यांच्यानंतर धोक्याच्या गावांची पाहणी शासन करत आलं आहे, तुमची वाडी त्यात का नको? पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

आणि येता पावसाळा. कामं पूर्ण झाली नाहीत तरी तो येणारच. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर ताडपत्री पसरा, कडा मागच्या बाजूला मातीत गाडा, दाबायला दगड कडेवर ठेवू नका. एका दिवसात खूप पाऊस झाला, आणि त्यात सळ्यांमधलं अंतर वाढलं, सांध्यातून येणारं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा नेहमीचा झरा अचानक बंद पडला, घराचं दार चौकटीत अडकायला लागलं, तर थांबायचं नाही. कडेच्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा, रात्री सगळ्यांनी दुसरीकडे झोपायला जा, खालच्या लोकांना फोन करा आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, सासूबाईंची औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत. सामान काढायला परत यायचं नाही.

या महिन्यात पन्हळ, शोषखड्डा, भेगेच्या सळ्या आणि मोजणीचा, माहिती अधिकाराचा आणि तहसीलदारांचा असे तीन अर्ज, एवढंच करा. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. मोजणीचा नकाशा आला की त्याची प्रत, कापाचे समोरून आणि दोन्ही टोकांकडून काढलेले फोटो आणि चार रविवारच्या नोंदी मला पाठवा. फोटोत अंदाज यावा म्हणून शेजारी बांबू किंवा शिडी उभी करा, पण माणूस उभा करू नका. ते बघून तुमच्या इंजिनिअरला कोणते प्रश्न विचारायचे, ते मी सविस्तर लिहून कळवते.